शारचा प्रतिहल्ला: गंडमच्या शेवटच्या अंकापर्यंत पोचायचं कसं आणि तिथे बघायचं काय

सिनेमा सुरू होऊन थोडा वेळ होतो न होतो तोच एक अख्खा लघुग्रह तिबेटमधल्या ल्हासावर येऊन आदळतो. तो पाडणारा माणूस लाल रंगाच्या प्रचंड यंत्रात बसलाय. त्याला अडवू पाहणारा दुसऱ्या यंत्रात आहे. दोघं लढता लढता एकमेकांशी बोलतात आणि बोलण्यात इतकी जुनी ओळख आहे की दोन भाऊबंद वाटणीवरून भांडतायत असं वाटावं. हे कोण, यांचं बिनसलं कधी, ल्हासाच का, यातलं काहीही सिनेमा थांबून सांगत नाही.

हा जपानी ॲनिमेशन सिनेमा म्हणजे 'ग्याकुशू नो शार', मराठीत 'शारचा प्रतिहल्ला'. इंग्रजी नाव 'शार्स काउंटरअटॅक'. चाहते नुसतं सीसीए म्हणतात. तो १२ मार्च १९८८ रोजी जपानमध्ये प्रदर्शित झाला. लेखन-दिग्दर्शन योशियुकी तोमिनो यांचं, निर्मिती सनराइझ या स्टुडिओची. 'मोबाइल सूट गंडम' ही मालिका १९७९ साली सुरू झाली, तिच्या दोन मुख्य माणसांची गोष्ट या सिनेमात शेवटाला येते. आमुरो रे आणि शार अझ्नाबल ही ती दोन माणसं.

मी हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला तेव्हा आधीचं काहीच पाहिलं नव्हतं. दोन तासांचाच तर आहे, म्हणून लावला. नाटकाच्या तिसऱ्या अंकाला येऊन बसावं तसं झालं. लढाया सुंदर होत्या, संगीत छातीत भरत होतं, पण दोघांमधल्या शेवटच्या बोलण्यात एका बाईचं नाव आलं आणि मला ती कोण हेच माहीत नव्हतं. पुढे दीड वर्षाने सगळं क्रमाने पाहून परत त्या जागी आले, तेव्हा तेच वाक्य ऐकून सिनेमा थांबवून बसले होते. तुमचा हा फेरा टळावा म्हणून हे लिहितेय. शेवट कुठेही फोडलेला नाही. मधल्या एक-दोन गोष्टी मात्र सांगाव्या लागतील, त्याशिवाय काय बघायचं ते सांगता येणार नाही.

पहिली पायरी: जुन्या तीन सिनेमांपासून सुरुवात करा

मूळ मालिका ७ एप्रिल १९७९ रोजी नागोयाच्या टीव्ही वाहिनीवरून सुरू झाली. ५२ भागांची ठरली होती, पण बघणारे कमी आणि प्रायोजक कंपनीची खेळणी खपेनात, म्हणून ४३ भागांत गुंडाळावी लागली. जानेवारी १९८० मध्ये ती संपली. त्यानंतर पुनर्प्रक्षेपणातून ती लोकांच्या मनात बसली आणि जुलै १९८० मध्ये बांदाई या खेळणी कंपनीने जोडायची प्लास्टिक मॉडेल्स बाजारात आणली, तेव्हा तर दुकानांत झुंबड उडाली. या लाटेवर मालिकेचे भाग जोडून, कापून, काही नव्याने चितारून तीन सिनेमे केले गेले. पहिला मार्च १९८१ मध्ये, दुसरा जुलै १९८१ मध्ये आणि तिसरा मार्च १९८२ मध्ये आला.

नव्या माणसाने हे तीन सिनेमे बघावेत, असं माझं ठाम मत आहे. एकूण सात तासांच्या आसपास होतात. मालिका पूर्ण पाहिलीत तर उत्तमच, पण ४३ भागांत काही ठिकाणी चित्रं घाईत काढलेली दिसतात, काही भाग नुसते 'आज कोणतं यंत्र आलं आणि कसं पाडलं' एवढ्यावरच आहेत. १९७९ ची टीव्ही मालिका बघायची सवय नसेल तर विसाव्या भागाच्या आसपास सुटून जाण्याचा धोका मोठा. तिसऱ्या सिनेमातली चित्रं तर बरीचशी नव्याने काढलेली आहेत आणि आपल्याला पुढे लागणारं जवळपास सगळं त्यातच आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. माणसं पृथ्वीवर मावेनाशी झाली म्हणून अवकाशात मोठमोठ्या फिरत्या नळकांड्यांसारख्या वसाहती उभारल्या. अशा वसाहतींच्या समूहाला 'साइड' म्हणतात. कालगणनाही नवी सुरू झाली, युनिव्हर्सल सेंच्युरी. तिच्या ००७९ साली पृथ्वीपासून सगळ्यात लांबचा साइड ३ 'झिऑन' नावाने स्वातंत्र्य पुकारतो आणि पृथ्वीच्या संघराज्याशी युद्ध सुरू होतं. पहिल्या महिन्याभरातच दोन्ही बाजूंची निम्मी माणसं मेलेली असतात. मालिका सुरू होते ती त्यानंतर. पंधरा वर्षांचा आमुरो वसाहतीवर हल्ला झाल्यावर हातात पडलेली माहितीपुस्तिका चाळत एका पांढऱ्या यंत्रात चढतो. या यंत्रांना 'मोबाइल सूट' म्हणायचं आणि हे पांढरं यंत्र म्हणजे गंडम. समोरच्या बाजूला मुखवटा घातलेला, लाल यंत्र चालवणारा वीस वर्षांचा शार. तो झिऑनसाठी लढतोय, पण झिऑनच्या राज्यकर्त्या घराण्याशी त्याचा वेगळाच हिशेब आहे.

तिसऱ्या सिनेमात एक जागा येते, तिथे हातातला फोन बाजूला ठेवा. साइड ६ मधली तटस्थ वसाहत. पाऊस पडतोय, आणि वसाहतीत पाऊस ठरवून पाडतात. आमुरो आडोशाला एका घरापाशी थांबतो. पडवीत एक मुलगी बसलीय, सावळी, कपाळावर टिकली. समोर तळं आहे, त्यावरून उडणारा एक हंस खाली कोसळतो. ती मुलगी म्हणजे लाला सून. थोड्या वेळाने आमुरोची गाडी चिखलात रुतते आणि ती बाहेर ओढून काढायला जी गाडी थांबते तिच्यात लाला असते आणि शार. दोन शत्रू पहिल्यांदाच समोरासमोर उभे राहतात, भर रस्त्यात, एक जण चिखलाने भरलेला. या दृश्यात कोणी कोणाला मारत नाही. पण शारचा प्रतिहल्ला हा अख्खा सिनेमा या चिखलातल्या भेटीवर उभा आहे. लालाचं पुढे काय होतं ते तुम्हीच बघा.

'न्यूटाइप' हा शब्दही इथेच पक्का होतो. अवकाशात राहून माणसाची जाणीव विस्तारेल, एकमेकांचं मन शब्दांवाचून कळेल, अशी एक आशा आहे, तिचं नाव न्यूटाइप. लढाईत मात्र तिचा उपयोग समोरच्याची गोळी आधी ओळखण्यापुरता होतो. मन कळूनही माणसं एकमेकांना मारतातच, ही तोमिनोंची जुनी वेदना आहे आणि ती प्रत्येक कामात परत येते.

दुसरी पायरी: झेटा बघायची की नाही?

वेळ असेल तर बघाच. 'झेटा गंडम' मार्च १९८५ ते फेब्रुवारी १९८६ या काळात आली, ५० भाग. म्हणजे साधारण वीस तास. रोज दोन भाग पाहिलेत तर महिन्याभरात होते.

शार समजून घ्यायचा तर झेटाला पर्याय नाही. आठ वर्षं उलटलीत, साल ००८७. संघराज्यातच टायटन्स नावाची जुलमी फौज तयार झालीय आणि तिच्याविरुद्ध उभं राहिलेल्यांमध्ये काळा चष्मा लावलेला क्वात्रो बजिना नावाचा अधिकारी आहे. तो शार आहे हे बघणाऱ्याला लगेच कळतं. सगळे त्याला म्हणतात, पुढे हो, नेतृत्व घे, तुझ्या वडिलांचं नाव तुझ्यामागे आहे. तो टाळत राहतो. शेवटी डाकारमध्ये संघराज्याच्या सभेसमोर उभा राहून तो खरं नाव सांगतो, तो ३७ वा भाग. तिथला शार मला सगळ्यात जास्त आवडतो. थकलेला आहे, चुकतो, पण माणसांबरोबर आहे. त्याच माणसाने पुढे पृथ्वीवर लघुग्रह पाडावा, हे बघताना म्हणूनच घशाशी येतं. झेटा न पाहता सिनेमाला बसलात तर शार नुसता खलनायक वाटेल. ते मोठं नुकसान आहे.

आमुरोही यात आहे. युद्ध जिंकून देणाऱ्या या मुलाला संघराज्याने सात वर्षं एका मोठ्या बंगल्यात नजरकैदेत ठेवलंय, कारण न्यूटाइप माणसाची सरकारला भीती वाटते. एवढं समजलं की सिनेमातला आमुरो तरीही त्याच सरकारच्या बाजूने का लढतो, हा प्रश्न तुमच्याही मनात येईल. तो यायलाच हवा.

एक सावधगिरी. झेटाचे २००५-०६ मध्ये तीन सिनेमेही केले गेले. पन्नास भाग बघणं अगदीच शक्य नसेल तर ते चालतील, पण त्यांत मालिकेचा शेवट बदलला आहे आणि जुनी व नवी चित्रं शेजारी शेजारी आल्याने डोळ्यांना खटकतं. मी आधी मालिका बघा असंच सांगेन.

त्यापुढची 'डबल झेटा' (१९८६-८७, ४७ भाग) या प्रवासात सोडली तरी चालेल. सुरुवात बरीच हलकीफुलकी आहे, नंतर गंभीर होते. शार तिच्या कथेत नाहीच. तिच्यातून एवढंच लक्षात ठेवा: ॲक्सिस नावाचा एक लघुग्रह होता, झिऑनचे उरलेसुरले लोक तिथे तळ ठोकून होते आणि 'निओ झिऑन' हे नाव त्यांनीच आधी घेतलं.

म्हणजे घाईचा रस्ता तीन सिनेमे अधिक हा एक, एकूण नऊ तास, शनिवार-रविवारात बसतो. चांगला रस्ता तोच, मध्ये झेटा घालून. काही जण २०२५ सालच्या 'जीक्वक्स' मालिकेमुळे गंडमकडे वळलेत. त्यांनी ध्यानात ठेवावं की तिथे जुन्या युद्धाचा निकालच उलटा लागलेला आहे. तिथला शार वेगळ्या इतिहासातला. त्याचा धागा या सिनेमाला जोडायला जाऊ नका.

तिसरी पायरी: दिवे मालवण्याआधी एवढं जवळ ठेवा

सिनेमातलं साल ००९३. पहिल्या भेटीला चौदा वर्षं झालीत. आमुरो २९ चा आहे, शार तिशी ओलांडलेला.

शार आता नव्या निओ झिऑनचा प्रमुख आहे. त्याचा तळ स्वीटवॉटर या वसाहतीत. ही निर्वासितांसाठी घाईत जोडून उभी केलेली वसाहत, दोन वेगळ्या बनावटीचे तुकडे एकमेकांना चिकटवलेले. सरकारने तिथे माणसं आणून सोडली आणि विसरून गेलं. शारला पाठिंबा मिळतो तो इथून.

समोर 'लोंडो बेल' हे संघराज्याचं छोटं पथक. त्याचं मुख्य जहाज रा कायलम, त्यावरचा कप्तान ब्राइट नोआ. हा ब्राइट पहिल्या मालिकेपासून आहे. तेव्हा एकोणीस वर्षांचा पोरगा अचानक कप्तान झाला होता, आता त्याचाच मुलगा हॅथवे तेरा वर्षांचा आहे. आमुरो याच पथकात.

शारचा बेत सरळ आहे. ॲक्सिस पृथ्वीवर पाडायचा. धुळीने सूर्य झाकला जाईल, पृथ्वी गोठेल, तिथे कुणी राहू शकणार नाही, मग सगळ्यांना अवकाशात यावंच लागेल आणि पृथ्वीला विश्रांती मिळेल. सुरुवातीला ल्हासावर जो पडतो तो लघुग्रह 'फिफ्थ लुना', ती फक्त सलामी. ल्हासा अशासाठी की संघराज्याचं मुख्यालय तिथे आहे. 'पृथ्वीच्या गुरुत्वाने ज्यांचे आत्मे खाली ओढून धरलेत' असे शब्द संवादांत पुन्हा पुन्हा येतील. पृथ्वी न सोडणाऱ्या सत्ताधाऱ्यांसाठी ते वापरले जातात. झेटा पाहिली असेल तर ही भाषा ओळखीची वाटेल.

यंत्रांपैकी दोन नावं पुरेत. शारचं लाल यंत्र साझाबी, आमुरोचं पांढरं-काळं न्यू गंडम. हे 'न्यू' म्हणजे इंग्रजीतलं 'नवं' नव्हे, ग्रीक वर्णमालेतलं अक्षर आहे. आधीचे झेटा वगैरेही ग्रीकच. 'फनेल' म्हणजे यंत्रापासून सुटून मनाच्या आज्ञेने फिरणाऱ्या, चहूकडून मारा करणाऱ्या तोफा. न्यू गंडमच्या पाठीवर त्या पंखासारख्या सहा लटकतात आणि सगळ्या एकाच बाजूला. 'सायकोफ्रेम' हे विचार पकडणारं साहित्य यंत्राच्या सांगाड्यातच घातलंय. ते आमुरोकडे कुठून आलं, याचं उत्तर सिनेमा मध्येच पटकन देऊन टाकतो. ते वाक्य निसटू देऊ नका, शारचा स्वभाव त्यातच आहे.

मूळ जपानी आवाजच ठेवा. खालची अक्षरं बहुधा इंग्रजीतच मिळतील, ती चालतील. आमुरोचा आवाज तोरू फुरुया यांचा आणि शारचा शुइची इकेदा यांचा, दोघंही १९७९ पासून. आमुरो म्हणजे आधीचा चिडका, रडका, कोवळा आवाज. तोच कंठ इथे शांत, जाडसर होऊन येतो तेव्हा चौदा वर्षं गेली हे वेगळं सांगावं लागत नाही. इंग्रजी डबिंगमध्ये हे हाती लागत नाही.

चौथी पायरी: बघताना

तोमिनोंच्या माणसांची बोलण्याची रीत आधी समजून घ्या, नाहीतर वैताग येईल. एकाने विचारलेल्या प्रश्नाला दुसरा उत्तर देत नाही, आपल्या डोक्यातलं बोलतो. अर्धं वाक्य टाकून उठून जातो. लढाईच्या ऐन मध्यात कोणीतरी बापाबद्दल बोलायला लागतं. हे लिखाणातलं कच्चेपण नाही. माणसं घरात अशीच बोलतात. आपल्याकडे जेवताना भाजीच्या मिठावरून सुरू झालेलं भांडण वीस वर्षांपूर्वीच्या लग्नापर्यंत जातं, तसंच. एखादं वाक्य कळलं नाही तर मागे जाऊन परत ऐका. पहिल्या खेपेला मी सात-आठ वेळा मागे गेले होते.

आता तीन जागा.

पहिली आगगाडीतली. स्वीटवॉटरमध्ये शार साध्या गाडीने प्रवास करतो. डब्यातल्या लोकांना तो ओळखू येतो. कुणी गाणं सुरू करतं, बाकीचे धरतात, डबाभर टाळ्या. शार हसून हात करतो. या लोकांचं प्रेम खरं आहे, त्यांचे हालही खरे आहेत, आणि त्यांच्यासमोर हसणाऱ्या माणसाच्या डोक्यात काय शिजतंय ते आपल्याला ठाऊक आहे. मुंबईच्या लोकलमध्ये भजनाचा डबा पाहिलेल्याला हे दृश्य चटकन कळेल. एकत्र गायला लागल्यावर माणसं किती सहज विश्वास टाकतात! लोकांना आपण काय द्यायला निघालोय हे स्वतः शारला तरी पूर्ण माहीत आहे का, हा प्रश्न मला इथे दरवेळी पडतो.

दुसरी लोंडेनियनमधली, आणि ती दोन भागांत आहे. या वसाहतीत संघराज्याचे अधिकारी शारशी गुपचूप बोलणी करतात. शांततेच्या बदल्यात ॲक्सिस त्याला विकून टाकतात. टेबलावर सोन्याच्या विटा येतात, त्या तपासल्या जातात आणि ज्या लघुग्रहाने पृथ्वी मरणार तो विकला जातो. अधिकाऱ्यांच्या चेहऱ्यावर सौदा चांगला झाल्याचं समाधान. ॲक्सिस पाडणारा शार जितका दोषी, तितकेच हे टेबलापलीकडचे लोक, असं तोमिनो आवाज न चढवता सांगतात.

त्याच दिवशी आमुरो हॅथवेला आणि क्वेस नावाच्या मुलीला गाडीतून हिंडवायला नेतो. पाण्याकाठी समोरून घोड्यावर बसून शार येतो. आमुरो गाडी सोडून त्याच्यावर झेप घेतो, दोघं गवतात लोळत मारामारी करतात. जगातले दोन सगळ्यात मोठे योद्धे, यंत्र नाही, काही नाही, शाळेच्या मैदानातल्या पोरांसारखे. तीन सिनेमांतलं ते तळं, तो चिखल, ती पहिली भेट आठवा. पुन्हा पाणी आहे, पुन्हा हे दोघं आहेत, पुन्हा मध्ये एक कोवळी मुलगी आहे. ती काय करते ते बघा.

आणि ही क्वेसच माझ्या मते सिनेमाची किल्ली आहे. क्वेस पराया, संघराज्याच्या त्या सौदेबाज अधिकाऱ्यांतल्याच एकाची, आदेनाउर परायाची मुलगी. घरातून पळून ती भारतात गेली होती, न्यूटाइप होण्याची साधना करायला. चाहत्यांमध्ये तिच्याबद्दल फार वाईट बोललं जातं: हट्टी, किरकिरी, मध्येच भलतं करणारी. मीही पहिल्यांदा तेच म्हटलं. पण तिचा बाप तिच्यासमोर कसा वागतो ते एकदा नीट बघा. तिला हवाय एक मोठा माणूस, जो तिचं ऐकून घेईल. आमुरोकडे ती वळते, त्याच्याजवळ आधीच त्याची मैत्रीण चेन आगी आहे आणि त्याला हे ओझं नकोय. शारकडे वळते, शार हात पुढे करतो. पण तिला यंत्रात बसवायचं म्हणून. तिला बाप हवा आहे आणि शारला सैनिक. शार स्वतः कोणाच्या शोधात आहे ते शेवटच्या काही मिनिटांत त्याच्या तोंडून बाहेर पडतं. त्या वाक्यावर पुष्कळ वाद झालेत. आमुरोला ते ऐकून जो धक्का बसतो तो बघणाऱ्यालाही बसतो. लालाच्या तळ्याकाठच्या दृश्यापासून चालत आलात तरच त्या वाक्याचा अर्थ लागतो.

शेवटचा अर्धा तास न थांबता बघा. शिगेआकी साएगुसा यांचं संगीत ऐकायला चांगला हेडफोन किंवा स्पीकर घ्या. झेटा आणि डबल झेटाचंही संगीत त्यांचंच, पण इथे वाद्यवृंद सगळ्यात मोकळा सुटलाय. फनेल सुटतात त्या लढाईत हाताने काढलेल्या चित्रांची ताकद कळते. प्रत्येक ठिणगी, प्रत्येक तुकडा सेलवर, म्हणजे पारदर्शक फिल्मवर, रंगवलेला. मी एक छोटा भाग फ्रेम फ्रेम करून पाहिला होता: फनेल वळताना त्याच्या कडेवर प्रकाशाची बारीक रेघ सरकते, डोळ्याला जेमतेम दिसते. कुणीतरी ती बसून काढली आहे. श्रेयनामावलीला उठू नका. टीएम नेटवर्कचं शेवटचं गाणं शेवटच्या चित्राचा भाग आहे, ते आल्याशिवाय सिनेमा पूर्ण होत नाही.

शेवट पाहून 'पण मग त्यांचं झालं काय?' असं वाटेल. सगळ्यांनाच वाटतं. लगेच इंटरनेटवर शोधू नका. एक रात्र जाऊ द्या.

पाचवी पायरी: नंतर काय

लगोलग दुसरं काही लावण्यापेक्षा पंधरा दिवसांनी हाच सिनेमा पुन्हा पाहा. दुसऱ्यांदा शारच्या शेजारी उभ्या असलेल्या ननाय या त्याच्या अधिकारी बाईकडे लक्ष द्या. तिला सगळं दिसतंय. शारचा तरुण सैनिक ग्युनेई याच्याकडेही. आपण वापरले जातोय हे त्याला समजतं, पण बोलून दाखवलं की ती मत्सराची बडबड ठरते. पहिल्या खेपेला ही माणसं मागेच राहतात. जपानमध्ये या सिनेमावर वर्षानुवर्षं चर्चा चालू राहिली ती या थरांमुळे. पुढे 'इव्हँजेलियन' करणाऱ्या हिदेआकी आन्नो यांनी तर १९९३ मध्ये या एकाच सिनेमावर चाहत्यांचं एक खासगी पुस्तक संपादित केलं, त्यात आपल्या व्यवसायातल्या लोकांना बोलतं केलं. त्याआधी अनेकांनी हा सिनेमा अवघड म्हणून बाजूला ठेवला होता.

हाताला काम हवं असेल तर न्यू गंडमचं मॉडेल जोडा. या मॉडेल्सना गनप्ला म्हणतात. पहिलंच असेल तर १/१४४ मापातलं 'हाय ग्रेड' घ्या. त्याच मापातलं 'रिअल ग्रेड' दिसायला देखणं, पण भाग नखाएवढे, पहिल्यांदा हात लावणाऱ्याने टाळलेलं बरं. डिंक लागत नाही, भाग एकमेकांत बसतात. चौकटीतून भाग कापायला घरातली कात्री वापरू नका, प्लास्टिक ताणलं जाऊन पांढरं पडतं. मॉडेलसाठीचं निपर घ्या आणि दोनदा कापा: आधी भागापासून थोडं लांब, मग जवळून. आणखी एक, अनुभवातलं. सहाही फनेल एकाच बाजूला लटकवल्यावर न्यू गंडम मागे आणि डावीकडे झुकतो. माझा शेल्फवरून दोनदा पडला, दुसऱ्यांदा कपाळावरच्या शिंगाचं टोक गेलं. खाली आधार देणारा स्टँड पहिल्याच दिवशी आणा.

जपानला जाणार असाल तर फुकुओकामध्ये लालापोर्ट नावाच्या मॉलसमोर न्यू गंडमचा पूर्णाकृती पुतळा उभा आहे, २०२२ पासून, उंची सुमारे २५ मीटर. सिनेमातल्यापेक्षा रंगसंगती थोडी वेगळी आहे, पण मान वर करून बघताना पाठीवरच्या त्या एकतर्फी पंखाचा भार खरोखर जाणवतो.

पुढच्या कथा दोन. 'युनिकॉर्न' सात भागांची आहे, २०१० ते २०१४ या काळात आली, साल ००९६. शारची सावली तिच्यावर सगळीकडे पडलेली आहे. आणि २०२१ पासून येत असलेली 'हॅथवे' ही सिनेमांची मालिका, साल ०१०५. शारचा प्रतिहल्ला पाहिल्याशिवाय तिला हात लावू नका. ब्राइटचा तेरा वर्षांचा मुलगा तिच्यात पंचविशीचा झालाय आणि क्वेस त्याच्या मनातून गेलेली नाही.

ती सुरू करण्याआधी प्रतिहल्ल्यातलं एक छोटं दृश्य पुन्हा लावा, अगदी सुरुवातीचं. पृथ्वी सोडून जाणाऱ्या शटलसाठी ब्राइटची बायको मिराई आपल्या दोन मुलांना घेऊन थांबली आहे. सरकारी बडा माणूस मध्ये घुसतो, जागा त्याच्याकडे जातात, यांच्या वाट्याला एकच उरते. मिराई फार विचार करत नाही, ती जागा हॅथवेला देते, धाकट्या मुलीला घेऊन मागे राहते. शटलमध्ये त्या मुलाच्या शेजारी क्वेस बसलेली असते.